हृदयाची रेघ वाचता यावी म्हणून

माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांना खुले पत्र



अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेली परिचारिका औषधांच्या मात्रा लवकर शिकते, सिरिंज पंप लावायला शिकते, तासातासाच्या नोंदी ठेवायला शिकते. तिचे अडते ते खाटेच्या डोक्याशी सरकत राहणाऱ्या हिरव्या रेघेपाशी. रेघ बदलली की गजर वाजतो. बदलली म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र गजर सांगत नाही. वायर सुटली, रुग्ण थंडीने कुडकुडतो आहे, की खरोखरच हृदयाची लय बिघडली? उत्तर काही सेकंदांत हवे असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने रात्रपाळी करणारा बंधपत्रित डॉक्टर, १०८ च्या रुग्णवाहिकेतला बीएएमएस झालेला डॉक्टर, डायलिसिस युनिटमधला तंत्रज्ञ, यांचीही गत फारशी वेगळी नाही.

यांतल्या बहुतेकांचा अभ्यासक्रम एकाच छत्राखाली येतो, आणि ते छत्र आपले विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये स्थापना झाल्यापासून आधुनिक वैद्यकाबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपी अशा शाखांच्या परीक्षा नाशिकहून होतात. म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला किंवा हृदयरोगतज्ज्ञांच्या एखाद्या संघटनेला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

मागणी साधी आहे. ईसीजीवरचा रिदम ओळखायला शिकवणारा चित्रसंच विद्यापीठाने स्वतः तयार करावा. त्यात भिंतीवर लावायचा तक्ता असावा, ॲप्रनच्या खिशात मावणारे कार्ड असावे आणि सरावासाठी खऱ्या रुग्णांच्या पट्ट्यांचा साठा असावा. स्पष्टीकरणे मराठीत असावीत. संच फुकट मिळावा आणि तो कोणत्याही महाविद्यालयाला, रुग्णालयाला पुन्हा छापता यावा.

तक्ते आज नाहीत असे नाही. वॉर्डात, कौशल्य प्रयोगशाळेत, वसतिगृहाच्या भिंतीवर ते दिसतात. पण त्यांतले बरेचसे परदेशी पुस्तकांतून किंवा प्रशिक्षण-पुस्तिकांतून उचललेले असतात, आणि उचलताना तीन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट वायरींच्या रंगांची. हातापायांना लावायच्या चार वायरींसाठी जगात दोन पद्धती आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या पद्धतीत लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला आणि काळी उजव्या पायाला लागते. अमेरिकी पद्धतीत पांढरी उजव्या हाताला, काळी डाव्या हाताला, लाल डाव्या पायाला आणि हिरवी उजव्या पायाला. आपल्याकडची बहुतेक यंत्रे पहिल्या पद्धतीची आहेत. आता समजा, भिंतीवर अमेरिकी चित्र आहे आणि हातात आपली केबल आहे. विद्यार्थिनी चित्र पाहून लाल वायर डाव्या पायाला लावते, हिरवी उजव्या पायाला. दुसऱ्या लीडची रेघ म्हणजे लाल आणि हिरव्या वायरीमधल्या विद्युतदाबाचा फरक. तो आता दोन पायांमधला फरक झाला, आणि दोन पायांमध्ये तो जवळजवळ शून्य असतो. रिदम वाचण्यासाठी सगळे ज्या लीडकडे आधी बघतात, नेमकी तीच सपाट येते. माणूस खाटेवर बसून बोलत असतो आणि कागदावर काहीच नसते. हा दोष विद्यार्थिनीचा नाही, चित्राचा आहे.

दुसरी गोष्ट कागदाच्या वेगाची. भारतात ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने पुढे सरकतो. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये ५० मिलिमीटरचा वेग रुळलेला आहे. तिकडच्या पुस्तकातली पट्टी वेग न सांगता तक्त्यावर चिकटवली, तर मिनिटाला ८० ठोके असलेले निरोगी हृदय आपल्या मोजपट्टीने ४० ठोक्यांचे ठरते आणि अरुंद क्यूआरएस रुंद दिसतो. निरोगी माणसाची पट्टी शिकणाऱ्याच्या डोक्यात हार्ट ब्लॉक म्हणून जाऊन बसते.

तिसरी गोष्ट चौकटींची. ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठी थोडे मागे जायला हवे.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर बनवला. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालवायला पाच माणसे लागत आणि रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे आइंटहोवेन यांनी त्याआधीच, १८९५ मध्ये दिली होती. १९२४ मध्ये या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतिहासाच्या पुस्तकांत त्या अवजड यंत्राचे फोटो छापतात. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यांची दुसरी एक देणगी मोठी आहे. रेघेचा फोटो त्यांनी मोकळ्या पांढऱ्या पट्टीवर घेतला नाही. त्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी उमटवली आणि तिला ठरावीक माप दिले: आडवा एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचे चार शतांश, उभा एक मिलिमीटर म्हणजे मिलिव्होल्टचा दहावा भाग. आज गडचिरोलीतल्या ग्रामीण रुग्णालयात निघणाऱ्या कागदावर तेच माप आहे.

म्हणजे ईसीजीचा कागद स्वतःच शिकवण्याचे साधन आहे. मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा, म्हणून मिनिटात असे ३०० चौकोन. दोन ठोक्यांमध्ये एक मोठा चौकोन असेल तर वेग ३००, दोन असतील तर १५०, तीन असतील तर १००, मग ७५, ६०, ५०. हा पाढा जगभरचे विद्यार्थी म्हणतात. लय अनियमित असेल तर तो फसतो. तिथे तळाच्या दहा सेकंदांच्या लांब पट्टीतले ठोके मोजून त्यांना ६ ने गुणायचे. पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच छोटे चौकोन; क्यूआरएस स्वतः तीन छोट्या चौकोनांच्या आत. नवशिक्याला सुरुवातीला यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

आणि नेमकी हीच जाळी आपल्या तक्त्यांवरून पुसली जाते. सुबक दिसावे म्हणून छपाई करणारा ती काढून टाकतो, किंवा झेरॉक्समध्ये फिकट गुलाबी रेषा उमटतच नाहीत. जाळी उरलीच तर पट्टी जागेत बसवण्यासाठी आडवी दाबलेली असते, उभी नाही. मग चौकोन चौकोन राहत नाहीत. अशा तक्त्यावर विद्यार्थी मोजत नाही, फक्त आकार पाठ करतो. पाठ केलेला आकार खऱ्या रुग्णाच्या पट्टीवर तसाच्या तसा कधी येत नाही.

इथे मुद्दा तक्त्याच्या मांडणीचा येतो. नेहमीचा तक्ता यादीसारखा असतो. वरून खाली पंधरा-वीस रिदम, प्रत्येकाचा एक आदर्श नमुना, बाजूला नाव. परीक्षेच्या आदल्या रात्री तो उपयोगी पडतो. पण वाचन शिकवायला तो कच्चा आहे, कारण वाचन म्हणजे दोन जवळच्या गोष्टींतला फरक दिसणे. पहिलीतल्या मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ वेगवेगळ्या पानांवर कितीही वेळा गिरवायला दिले तरी गोंधळ राहतो. दोन्ही शेजारी ठेवून वरची गाठ दाखवली की डोळा पकडतो. कॅनडातल्या रोझ हाताला, ली ब्रूक्स आणि जेफ्री नॉर्मन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईसीजीबाबत हेच तपासले होते. एका गटाने एकेक निदान घेऊन त्याचेच नमुने सोडवले, दुसऱ्या गटाला वेगवेगळ्या निदानांचे नमुने मिसळून दिले आणि त्यांच्यातला फरक शोधायला लावले. नंतर नव्या पट्ट्या वाचताना मिसळून शिकलेला गट सरस ठरला.

म्हणून विद्यापीठाचा तक्ता जोड्यांचा असावा. कोणत्या जोड्या घ्यायच्या, हे वॉर्डात होणाऱ्या गफलतींवरून ठरवावे.

पहिली जोडी: एट्रियल फिब्रिलेशन आणि थरथरत्या हाताची पट्टी. दोन्हींत ठोक्यांमधली आधाररेषा खडबडीत असते. पण फिब्रिलेशनमध्ये ठोक्यांची अंतरे एकमेकांशी जुळतच नाहीत आणि पी लहर कुठेच सापडत नाही. थरथरीच्या पट्टीवर कागदाची कड ठेवून तीन ठोक्यांच्या खुणा केल्या आणि ती कड पुढे सरकवली, तर खुणा पुढच्या ठोक्यांवर बरोबर बसतात. कागदाच्या कडेची ही युक्ती चित्रात हातासकट दाखवावी. कॅलिपर प्रत्येकाकडे नसतो, केस पेपर प्रत्येकाकडे असतो.

दुसरे त्रिकूट आहे: मिनिटाला सुमारे १५० ठोके, अरुंद क्यूआरएस, आणि प्रश्न असा की हा तापाने किंवा रक्तस्रावाने वाढलेला सायनस वेग, सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, की एट्रियल फ्लटर? फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतात, दोनांतला एकच संदेश खाली पोचतो, म्हणून आकडा बरोबर १५० च्या आसपास अडकून राहतो. करवतीच्या दात्यांसारख्या लहरींपैकी निम्म्या क्यूआरएस आणि टी यांच्याआड लपतात. पुस्तकात फ्लटरचे जे देखणे चित्र असते, त्यात चारांतला एक संदेश खाली गेलेला असतो आणि दाते मोकळे दिसतात. रात्री दोन वाजता मॉनिटरवर येणारा फ्लटर तसा नसतो. तक्त्यात तो लपलेलाच दाखवावा आणि त्याच पट्टीखाली दात्यांच्या जागा बाणांनी दाखवाव्यात.

तिसरी जोडी हार्ट ब्लॉकची. वेन्केबाख प्रकारात पी आणि क्यूआरएस यांच्यातले अंतर ठोक्यागणिक वाढत जाते आणि एक ठोका गळतो. मोबिट्झ दोनमध्ये अंतर तेवढेच राहते आणि ठोका अचानक गळतो. पहिला बहुधा निभावतो, दुसरा पूर्ण ब्लॉककडे जाऊ शकतो आणि पेसमेकरची तयारी मागतो. शिकणाऱ्याला धीर देणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. कारेल वेन्केबाख यांनी हा प्रकार १८९९ मध्ये, ईसीजी हाती येण्याआधी, नाडीच्या आलेखांवरून ओळखला होता. त्यांच्याकडे पी लहर नव्हती. होते ते फक्त ठोक्यांमधल्या अंतरांचे मोजमाप.

हार्ट ब्लॉक शिकवायला एक जुने साधन आहे, आणि ते आपल्या वर्गांतून जवळपास नाहीसे झाले आहे. लंडनचे थॉमस लुईस पट्टीखाली तीन मजल्यांची आकृती काढत: वरचा मजला एट्रियमचा, मधला एव्ही नोडचा, खालचा व्हेंट्रिकलचा. प्रत्येक पी लहरीपासून एक रेघ खाली उतरते. मधल्या मजल्यात ती तिरकी होते. जितकी तिरकी, तितका उशीर. ठोका गळला तर रेघ मधल्या मजल्यावरच थांबते. वेन्केबाखची रेघ दर ठोक्याला जास्त कलत जाते आणि एकदा अडते, हे डोळ्यांना दिसते. परिच्छेदभर वाचूनही जे समजत नाही ते चार रेघांत समजते. पूर्ण ब्लॉकमध्ये वरचा मजला आपल्या वेगाने चालतो, खालचा आपल्या, आणि मधे एकही रेघ पार जात नाही. शिक्षकाने खडू घेऊन ही आकृती फळ्यावर काढावी आणि विद्यार्थ्याने प्रत्येक नव्या पट्टीखाली पेन्सिलने काढावी. तक्त्यावर प्रत्येक ब्लॉकखाली ती छापलेली हवी. खर्च शाईच्या चार थेंबांचा आहे.

चौथी जोडी जिवावरची. रुंद क्यूआरएसची वेगवान लय म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, आणि तिच्यासारखी दिसणारी, दात घासताना किंवा पार्किन्सनच्या कंपाने उमटलेली खोटी लय. ही चूक केवळ नवशिक्यांची नाही. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध झाला. खोट्या लयीवर विश्वास ठेवून काहींना शिरेतून औषधे दिली गेली होती, काहींच्या हृदयात नळी घालून तपासणी झाली होती, आणि मजल कायमचे उपकरण शरीरात बसवण्यापर्यंत गेली होती. त्या पट्ट्यांत खरे क्यूआरएस गोंधळाच्या मधून आपल्या ठरल्या अंतराने डोकावत असतात. ते शोधायला शिकवणारी एक मोठी पट्टी, खऱ्या ठोक्यांवर खुणा करून, तक्त्यावर असलीच पाहिजे.

पाचव्या जोडीत बारीक फिब्रिलेशन आणि सरळ रेघ. एकाला शॉक द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. त्याआधी वायरी लागलेल्या आहेत का आणि मॉनिटरवर लहरीची उंची कमी करून ठेवलेली नाही ना, हे बघायचे. हेही शब्दांत न सांगता चित्रात दाखवता येते.

आणि या सगळ्याच्या वर, तक्त्याच्या माथ्यावर, पट्टीच्या आधी रुग्णाचे चित्र हवे: शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, नाडी लागते का. पडद्यावर सुरेख ठोके आणि मनगटात, मानेत नाडी नाही, अशीही अवस्था असते. तिला पल्सलेस इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि तिथे छाती दाबायला सुरुवात करायची असते, रिदमचे नाव शोधत बसायचे नसते. त्याखाली पाच प्रश्न क्रमाने: वेग किती, अंतरे सारखी का, पी आहे का, प्रत्येक पी मागून क्यूआरएस येतो का, क्यूआरएस अरुंद की रुंद. खिशातल्या कार्डाच्या एका बाजूला एवढेच असावे. दुसऱ्या बाजूला खऱ्या मापाची पट्टी.

यावर एक आक्षेप हमखास येईल: यंत्रच आता निदान छापून देते, आणि ईसीजीचा फोटो काही मिनिटांत दूरच्या तज्ज्ञाकडे पोचतो, मग परिचारिकेला किंवा बीएएमएस डॉक्टरला हे शिकवायचे कशाला? यंत्राचे निदान कसे असते, याचा एक मोजलेला दाखला आहे. २००४ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात संगणकाने एट्रियल फिब्रिलेशन ठरवलेल्या २,२९८ पट्ट्या तज्ज्ञांनी पुन्हा वाचल्या. त्यांतल्या ४४२, म्हणजे १९ टक्के, चुकीच्या निघाल्या. ९२ रुग्णांच्या बाबतीत तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरनेही ती चूक पकडली नाही आणि नको ते उपचार सुरू झाले. यंत्र बाद करा असा याचा अर्थ नाही. छापील निदानाकडे बघून ‘हे पटत नाही’ म्हणता येईल इतके वाचन समोरच्या माणसाला हवे. तज्ज्ञाकडे फोटो पाठवायचा तरी कोणता आणि किती घाईने, हे ठरवायलाही वाचनच लागते. मॉनिटरवरची लय तर फोटो काढेपर्यंत थांबत नाही.

डॉक्टरांना हे येतेच, असे मानून चालण्यातही अर्थ नाही. २०२० मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी ७८ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रशिक्षणाआधीच्या चाचण्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची अचूकता सरासरी ४२ टक्क्यांच्या आसपास होती, निवासी डॉक्टरांची ५६, व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची ६९ आणि हृदयरोगतज्ज्ञांची ७५. शिकवल्यावर अचूकता वाढली, पण फार उंच गेली नाही. पंचवीस टक्के पट्ट्यांवर तज्ज्ञही चुकतात, तर नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला एका व्याख्यानात हे यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला व्याख्यानापेक्षा रोज दोन पट्ट्या वाचायला मिळाव्यात, चुकल्यावर लगेच कुणी दाखवून द्यावे आणि बघायला हाताशी नीट चित्र असावे.

आता पट्ट्यांच्या साठ्याविषयी. परदेशी संग्रहांतले रुग्ण त्या देशांचे आहेत. तिथे एट्रियल फिब्रिलेशन बहुधा म्हाताऱ्या माणसाला होते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेली तिशीतली बाई त्याच लयीने धापा टाकत येते. आपल्या विषबाधेच्या वॉर्डात बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या, बिया पोटात गेलेले रुग्ण येतात. त्या बियांतली द्रव्ये डिगॉक्सिनसारखी हृदयावर चालतात. ठोके मंदावतात, पी आणि क्यूआरएसचे नाते तुटत जाते, आणि तासातासाने काढलेल्या पट्ट्या ओळीने लावल्या तर हार्ट ब्लॉकचा अख्खा धडा समोर उभा राहतो. परदेशी पुस्तकात असा धडा मिळणे अवघड. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे पोटॅशियम वाढते तेव्हा आधी टी लहर टोकदार होते, मग पी विरते, मग क्यूआरएस पसरत जातो. राज्यातल्या प्रत्येक डायलिसिस युनिटने अशा पट्ट्या पाहिल्या आहेत आणि केस पेपरबरोबर गठ्ठ्यात बांधून टाकल्या आहेत.

कोकणातले विंचूदंश तर वैद्यकाच्या इतिहासात गेले आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने टिपला, प्राझोसिन हे औषध वापरात आणले आणि लॅन्सेटमधून जगासमोर मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खाटेशी बसून वेळोवेळी केलेली निरीक्षणे हा त्या कामाचा पाया होता. अशी निरीक्षणे पुढच्या पिढीला शिकण्यासाठी एका ठिकाणी असावीत, याहून रास्त अपेक्षा ती कोणती? विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये नागपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली आहेत. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि ओळख पटेल अशी प्रत्येक खूण काढून, नीतिसमितीची मान्यता घेऊन, फक्त वय, लिंग, तक्रार आणि अंतिम निदान ठेवून पट्ट्या गोळा केल्या, तर दोन-तीन वर्षांत असा साठा उभा राहील की त्यासाठी बाहेरून विचारणा होईल.

गोळा करण्याची घाई वेगळ्याच कारणाने आहे. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही वर्षांत तो फिकट होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर आणखी लवकर. जपून ठेवावा म्हणून कुणी तो गरम लॅमिनेशनला दिला, तर अख्खा कागद काळा होतो. शिकवण्याजोग्या किती पट्ट्या अशा गेल्या असतील! आधी स्कॅन करायचे, जाळी शाबूत ठेवून, आणि मग त्या प्रतीचे काय करायचे ते करायचे. ही सूचना संचाच्या पहिल्या पानावर यावी.

छपाईचेही काही नियम विद्यापीठाने घालून द्यावेत. प्रत्येक पट्टीवर वेग आणि उंचीचे प्रमाण लिहिलेले हवे आणि सुरुवातीला दहा मिलिमीटर उंचीची प्रमाणखूण हवी. प्रत्येक पानाच्या कडेला शंभर मिलिमीटरची रेषा छापावी, म्हणजे झेरॉक्स काढताना कागद ९५ टक्क्यांवर आला तर साधी फूटपट्टी लावून कळेल. रंग वापरावेत, पण फक्त रंगावर काही सोपवू नये. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असू शकतात, आणि खेड्यातला प्रिंटर बहुधा काळ्या शाईचाच असतो. पी ला त्रिकोण, क्यूआरएसला चौकोन, टी ला वर्तुळ अशा आकारांच्या खुणा असल्या तर काळ्यापांढऱ्या प्रतीवरही काम भागते.

भाषेबद्दल एकच आग्रह. रिदमची नावे आज वॉर्डात बोलतात तीच ठेवावीत: सायनस टॅकी, एव्ही ब्लॉक, व्हीटी, व्हीएफ. हस्तांतर करताना, फोनवर, केस पेपरवर तीच लागतात. तिथे नवी संस्कृत नावे घुसवली तर रुग्णाचे नुकसान होईल. मराठी हवी ती स्पष्टीकरणात आणि प्रश्नांत. ‘इथे अंतर मोजा’, ‘ही पी कुठे गेली?’, ‘आधी नाडी बघा’. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी इंग्रजी वाक्याचा अर्थ लावण्यात जे दोन सेकंद घालवते, ते वाचतील.

चित्रांवर अवलंबून राहिल्याने विद्यार्थी घोकंपट्टी करतील, अशी भीती अध्यापक बोलून दाखवतात. यादीच्या तक्त्याबाबत ती खरी आहे. पण चित्राचे साधन नीट बनवले तर ते विचार शिकवू शकते, याचे उदाहरण १९७० पासून समोर आहे. डेल डुबिन यांच्या ईसीजीच्या पुस्तकात प्रत्येक पानावर एक मोठे चित्र, थोडा मजकूर आणि रिकाम्या जागा भरायची वाक्ये आहेत. वाचणाऱ्याला पुढे जाण्याआधी उत्तर द्यावे लागते. कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. आपल्या तक्त्यातही काही पट्ट्या नावाशिवाय असाव्यात, उत्तर मागच्या बाजूला.

याच्या पुढची एक मागणी कदाचित धाडसी वाटेल, पण ती केल्यावाचून हा संच भिंतीवरच राहील. नर्सिंगच्या आणि पदवीच्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षांत विद्यार्थ्याला खिशातले कार्ड वापरू द्यावे. कार्डात उत्तर नसते, मोजण्याची रीत असते. मग परीक्षकाने ‘हा कोणता रिदम?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कशावरून?’ हे विचारावे, विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल द्यावी आणि अंतरे मोजायला, खालची तीन मजली आकृती काढायला सांगावे. प्रश्नपत्रिका बदलली की वर्ग आपोआप बदलतात, हे विद्यापीठापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

समितीत हृदयरोगतज्ज्ञ असतीलच. त्यांच्याबरोबर अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केलेल्या परिचारिका, ईसीजी तंत्रज्ञ, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, १०८ चे डॉक्टर आणि छपाई जाणणारा चित्रकार हवेत. पहिला मसुदा तज्ज्ञांनी तपासल्यावर तो पाच-सहा रुग्णालयांत, ज्यांनी आजवर एकही पट्टी वाचलेली नाही अशा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, आणि ते कुठे अडतात, कोणत्या दोन पट्ट्यांत गोंधळतात, याची नोंद ठेवून मगच दुसरा मसुदा करावा. येत्या शैक्षणिक वर्षात समिती नेमली गेली, तर त्यापुढच्या वर्षी पहिल्या तुकडीच्या खिशात कार्ड असू शकेल. पट्ट्या द्यायला महाविद्यालयांना परिपत्रक आपल्या कार्यालयातूनच निघावे लागेल, आणि त्यात गरम लॅमिनेशन न करण्याची सूचना ठळक अक्षरांत असावी.



आरोग्यशिक्षणावर लिहिणारा एक मराठी पत्रकार